परक्या देवळात पडलेलं लिंग

हिच्यासोबत, म्हणजे माझ्या बायकोसोबत, केलेलं शेवटचं काम म्हणजे आम्ही दोघांनी ओसरीत बसून चिंच फोडली. हुलसूरजवळच्या आमच्या गावात ऊन तापायला लागलं होतं. मी दगडावर शेंग ठेचायचो, ती चिंचोके काढायची, शिरा ओढून टाकायची आणि मीठ लावून गोळे वळायची. गोळे मेक्सिकोला न्यायचे होते. आमचा एकुलता एक मुलगा शिवा तिकडं मोटारीचे भाग बनवायच्या कारखान्यात आहे. तो आणि सून सुजाता कधीपासून बोलावत होते. आम्हा दोघांचेही पासपोर्ट आले होते. मी म्हटलं, "विमानात चिंच नेऊ देत न्हाईत म्हणतेत." तर ही म्हणाली, "तुमाला नेऊ देतेत, मग चिंचेला कामून न्हाई? तुमच्यापरीस तर ती गोड हाय." आणि एकटीच हसली. मग माझ्या पुढ्यातला गोळा उचलून म्हणाली, "अवो, ह्यात चिंचोके राहायलेत की! डोळे कुठं हायेत तुमचे?" एवढंच आमचं बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पाणी तापवायला उठली, चुलीपाशी बसली, आणि बसल्या जागीच गेली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. आदल्या दिवशी काही मोठं, लक्षात राहण्यासारखं बोललो असतो तर बरं झालं असतं, असं अजून वाटतं. पण कुणाला माहीत असतं?

आम्ही लिंगायत. आमच्यात गळ्यात लिंग असतं, चांदीच्या डबीत घातलेलं. त्याला आम्ही इष्टलिंग म्हणतो. ज्या सुती दोऱ्यात ते अडकवतात तो शिवदोरा. आंघोळ झाली की लिंग तळहातावर घेऊन पूजा करायची, आणि जेवायच्या आधी ते काढून डोळ्यांना लावायचं, मगच घास. गळ्यातून लिंग पडलं तर ते परत मिळेपर्यंत पाणीसुद्धा घ्यायचं नाही, अशी जुन्या माणसांची शिकवण. माणूस गेलं की त्याला बसवून पुरतात आणि त्याचं लिंग त्याच्या हातात देतात. हिलाही आमच्याच शेतात, बांधाजवळ तसंच बसवलं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, मला शास्त्र कळत नाही. पण त्या दिवसापासून माझी पूजा नुसती हाताची झाली होती. लिंग तळहातावर घ्यायचो, पाणी सोडायचो, विभूती लावायचो, आणि मनात म्हणायचो, तुला काय कमी पडलं होतं रे तिच्यावाचून? माझा देवावर राग होता. देवाचं नाव घेणाऱ्या माणसानं असं लिहू नये, पण होता तसा लिहिला.

माझ्या गळ्यातला शिवदोरा हिनं वळलेला होता. दरवर्षी श्रावणाच्या आधी ती आमच्याच शेतातला कापूस पिंजून, मांडीवर पीळ देऊन, माझा आणि तिचा असे दोन दोरे करायची. तो शेवटचा दोरा घामानं काळा पडला, त्याची सुतं सुटायला लागली, तरी मी बदलला नाही. मठातले स्वामी म्हणाले, "अप्पा, दोरा जीर्ण झाला, बदला आता." सुजातानं तिकडूनच फोन करून जवळच्या भालकीहून नवा मागवून दिला, तो मी गावीच ट्रंकेत ठेवून निघालो. शिवा मला मेक्सिकोला न्यायला आला, तो विमानात बसताना म्हणाला, "अप्पा, हा तुटंल की. कामून असं करायलाव?" मी म्हटलं, "तुटू दे. तुझ्या गळ्यात न्हाई ना?" दोरा झिजला हे मला दिसत होतं. पण तिच्या बोटांनी दिलेला पीळ मी माझ्या हातानं कसा सोडणार होतो? देव डबीत होता आणि माझा जीव दोऱ्यात. उलटं झालं होतं सगळं.

मेक्सिकोत शिवाचं घर उंच इमारतीत आहे. मी दिवसभर खिडकीपाशी बसायचो आणि शिवा कामावरून आला की तोही माझ्यासमोर येऊन बसायचा. तिचं नाव तो काढायचा नाही, मीही नाही. सुजाता दोघांकडं आळीपाळीनं बघायची. एका सुट्टीला तिनंच ठरवलं की सहलीच्या बसनं ग्वानाहुआतो नावाचं जुनं गाव बघायला जायचं. सकाळी निघायचं, वाटाड्या सगळं दाखवतो, संध्याकाळी परत. मी म्हटलं, "मला काय करायचंय गावं बघून?" सुजाता म्हणाली, "मामा, तुम्ही घरात बसून खिडकीची काच झिजवायलाव. चला मुकाट्यानं." तिच्या बोलण्यात सासूची ढब होती. मी स्वेटर घातला.

आमची वाटाडी बाई होती, लुपे नावाची. बुटकी, खणखणीत आवाजाची, हातात नारंगी छत्री. ती आपल्या भाषेत बोलायची, मग इंग्रजीत, आणि शिवा मला मराठीत सांगायचा. ते गाव डोंगराच्या खळग्यात वसलेलं. पिवळी, लाल, निळी घरं एकमेकांच्या डोक्यावर बसल्यासारखी. पूर्वी गावातून नदी वाहायची, ती वळवली आणि तिच्या जुन्या वाटेनं आता गावाच्या पोटातून मोटारी जातात. तीनशे-चारशे वर्षांपूर्वी स्पेनच्या लोकांनी इथं चांदीच्या खाणी खणल्या. लुपेनं आधी खाणीचं तोंड दाखवलं. आत काळोख, खाली उतरणाऱ्या पायऱ्या. ती म्हणाली, इथली चांदी समुद्रापार गेली आणि आत उतरणारी बरीच माणसं वर आलीच नाहीत. मला आमच्याकडच्या निजामाच्या दिवसांच्या ऐकलेल्या गोष्टी आठवल्या. वर बसणारा एक आणि खाली खणणारे दुसरे, सगळीकडं तेच. हिला हे ऐकायला फार आवडलं असतं. जत्रेत तिला वस्तू घ्यायची हौस नव्हती, पण कोण काय सांगतंय ते तोंड उघडं ठेवून ऐकायची.

मग बस एका टेकडीवर थांबली आणि सगळे एका इमारतीत शिरले. आत काय आहे हे मला कुणी नीट सांगितलं नव्हतं. काचेच्या पेट्यांमध्ये माणसं होती, मेलेली. थडग्यातून वर काढलेली, वाळून चामड्यासारखी झालेली, तोंडं उघडी. लोक रांगेनं बघत होते, फोटो काढत होते. एक बाई हात छातीशी घेऊन होती. मी एकदाच बघितलं आणि मागं वळलो. येणाऱ्या गर्दीला खांद्यानं रेटत बाहेर आलो आणि भिंतीशी जाऊन बसलो. शिवा धावत आला. "अप्पा, चुकलं माझं, मला बी ठाऊक नव्हतं." मी म्हटलं, "माती खाते म्हणून तर मातीत ठेवतेत रे. ह्यांना मातीनं बी घेतलं न्हाई." त्यानं तोंड फिरवलं. लुपे पाण्याची बाटली घेऊन आली. तिनं काहीतरी विचारलं आणि शिवा काहीतरी बोलला. मी म्हटलं, "काय म्हणायली?" तो म्हणाला, "विचारायली, बायको आली न्हाई का सोबत. मी म्हटलं, घरीच हाय." खोटं तरी कुठं होतं? घरच्याच शेतात होती.

खाली गावात आलो. एक बोळ दाखवला, इतका अरुंद की समोरासमोरच्या सज्जांतून माणसं हात लावू शकतील. तिथल्या एका पायरीवर जोडप्यानं मुका घेतला तर म्हणे पुढं सुखाचं जातं. जोडपी रांग लावून उभी होती. लुपेनं शिवाला आणि सुजाताला पुढं ढकललं. सुजाता लाजून म्हणाली, "मामासमोर? पागल हाय का ही बाई!" मी म्हटलं, "मी भिंत बघतो, तुमी काय ते उरका." त्या दिवसातलं माझं तेवढंच हसणं. ही असती तर पदरात तोंड लपवून कोपरानं ढोसलं असतं मला. पुढं चौकात पिवळ्या रंगाचं मोठं देऊळ होतं, त्यांचं चर्च. आत मेणबत्त्या, फुलं, आणि वर चांदीच्या बैठकीवर उभी त्यांची माता, लेकरू कडेवर घेतलेली. मला काय वाटलं माहीत नाही. दिवा दिसला की टेकायचं ही आयुष्यभराची सवय. मी बाकांच्या मधल्या वाटेत गुडघे टेकले आणि कपाळ फरशीला लावलं. तिथं तशी पद्धत नसावी, लोक बाजूला झाले. सुजातानं हाताला धरून उठवलं आणि आम्ही बाहेर पडलो. त्याच वेळी घंटा वाजायला लागल्या होत्या, कानठळ्या बसतील अशा.

जेवायला मोठ्या लोखंडी छताच्या बाजारात गेलो. शिवानं माझ्यासाठी बिनमांसाचं मागवलं, मक्याच्या भाकरी आणि घेवड्याची उसळ. त्याआधी एक तपकिरी पाण्याचा पेला माझ्यापुढं आला. सुजाता म्हणाली, "मामा, चाखा तर. चिंचेचं पाणी हाय." मी पेल्याकडं बघतच राहिलो. ह्या देशात चिंच पोत्यांनी विकतात. बाजारात ढीग होते, मिठातिखटात घोळलेल्या गोळ्या होत्या. आणि ती बिचारी उन्हात बसून लेकरासाठी बी काढत होती. मला हसावं की रडावं कळेना. पेला हातात घेण्याआधी सवयीनं शर्टात हात घातला. लिंग डोळ्यांना लावायला. हातात नुसता दोरा आला, दोन्ही टोकं सुटलेला.

मी उठून उभा राहिलो. स्वेटर झाडला, शर्ट वर केला, पायजम्याचे पाय झटकले. डबी नव्हती. शिवानं टेबलाखाली वाकून बघितलं. म्हणाला, "त्या गर्दीत पडलं असंल, तिथं वर तुम्ही रेटत आलाव तेव्हा." मलाही तेच वाटलं. चांदीची वस्तू, आणि चांदीचंच गाव. उचलणारा कशाला ठेवतोय? सुजाता म्हणाली, "मामा, आधी दोन घास खा. सकाळी साखरेच्या आजाराची गोळी घेतलाव तुमी." मी म्हटलं, "लिंगाशिवाय न्हाई." शिवाचा आवाज चढला. "अप्पा, चक्कर येऊन पडाल! आई असती तर..." आणि तिथंच तो थांबला. ती असती तर तिनंही खाल्लं नसतं, हे त्यालाही ठाऊक होतं. लुपेला सगळं सांगितलं. मला वाटलं ती घड्याळ दाखवील, आख्खी बस तिची वाट बघणार होती. पण तिनं बाकीच्यांना बाजार फिरायला सोडलं, शिवाला टॅक्सीत बसवून टेकडीवर पाठवलं आणि मला व सुजाताला घेऊन, आलो होतो त्या वाटेनं उलटी निघाली. दर दुकानात बोटांनी डबीचा आकार करून विचारायची. माणसं मान हलवायची.

बोळ बघितला, पायऱ्या बघितल्या. तोंड कोरडं पडलं होतं. पिवळ्या देवळाच्या पायऱ्यांवर मी बसलो. शिवाचा फोन आला, तिथं काही सापडलं नाही. तेव्हा मी मनात देवाशी बोललो ते खरं सांगतो. मी म्हटलं, तिला नेलंस, तिचा दोरा तोडलास, आता तू स्वतःही निघालास. जा. मी तुला धरून ठेवायला कोण? पण मग मला जे राहिलंय तेही घेऊन जा, मागं काही ठेवू नकोस. हे रागानं म्हणायला गेलो आणि म्हणता म्हणता राग कुठं गेला कळलं नाही. एवढे महिने मी मुठी आवळून बसलो होतो, त्या सैल झाल्यासारखं वाटलं. मागण्यासारखं काही उरलं नाही. फक्त बसून राहिलो.

सुजाता आत बघायला गेली होती. ती दारातूनच ओरडली, "मामा! इकडं या!" मी आत गेलो. मी जिथं टेकलो होतो त्याच्या बाजूच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. काळी शाल, पायात जाड मोजे, मांडीवर लोकर आणि विणायची सुई. तिनं मला बघितलं, लगेच ओळखलं, आणि उजवी मूठ उघडली. डबी तिच्या हातात होती. घट्ट धरल्यानं तळहातावर वळ उठला होता. मी डबी उघडली. आत लिंग जसंच्या तसं. मी ते डोळ्यांना लावलं आणि तिथं उभ्या उभ्या मला हुंदका आला. हिला मातीत बसवताना आला नव्हता तो.

लुपेनं तिला विचारून सांगितलं ते असं. मी कपाळ टेकून उठलो तेव्हा ती डबी माझ्या शर्टाखालून फरशीवर पडली. म्हातारीनं हाक मारली, पण घंटांच्या आवाजात ऐकू गेली नाही, आणि तिच्या गुडघ्यांनी पळवत नाही. पुजाऱ्याकडं द्यायचं तिच्या मनात आलं होतं, पण ती म्हणाली, जो माणूस परक्या देवळात इतका खाली वाकतो त्याच्या देवाला दुसऱ्याच्या हाती कसं द्यायचं? तो परत येणारच. म्हणून ती बसून राहिली. घरी जेवायलाही गेली नव्हती. म्हणजे माझ्यापायी तीही उपाशी. मी हात जोडले आणि तोंडातून निघालं, "अक्का." तिला काय कळलं देव जाणे, पण तिनं मान हलवली. मग आपल्या शालीतून गळ्यातला तपकिरी दोरा बाहेर काढून दाखवला. त्याला कापडाचे दोन छोटे चौकोन शिवलेले, त्यांच्या मातेचे. म्हणजे तिच्या गळ्यातही देव होता.

माझ्या हातातला तुटका दोरा तिनं घेतला, उजेडाकडं धरला आणि मान हलवली. मलाही कळत होतं, तो आता गाठही धरणार नव्हता. तिनं तो मला परत दिला, मांडीवरची निळी लोकर तिपेडी केली, बोटांनी पीळ दिला, दातांनी तोडली आणि डबीच्या कड्यांतून ओवली. क्षणभर माझ्या मनात आलं, परक्या धर्माच्या बाईचा दोरा चालतो का? स्वामी काय म्हणतील? आणि लगेच माझी मलाच लाज वाटली. मी मान खाली केली आणि तिनं तो माझ्या गळ्यात घातला. मग पिशवीतून फडक्यात बांधलेली मक्याची भाकरी काढली आणि मोडून अर्धी मला दिली. आमच्या जवारीच्या भाकरीची सर नाही तिला, पण मी लिंग डोळ्यांना लावून ती खाल्ली. इतक्यात शिवा धापा टाकत आला. मला खाताना बघून तो बाकावर बसला. बसची वेळ झाली म्हणून लुपे घाई करायला लागली. म्हातारीनं माझ्या गालाला हात लावला आणि आम्ही निघालो. तिचं नाव विचारायचं राहून गेलं. शिवाला वाटलं लुपेनं विचारलं असेल, लुपेला वाटलं सुजातानं. ही रुखरुख मला शेवटपर्यंत राहणार.

हा चमत्कार होता असं मी म्हणत नाही. दोरा जुना होता, तुटणारच होता. म्हातारी चांगली होती, चांगली माणसं कुठंही असतात. ज्याला जसं वाटेल तसं त्यानं समजावं. मला एवढंच कळलं की मी ज्याला धरून बसलो होतो ते मला तारत नव्हतं, आणि ज्यानं मला धरलं होतं त्याच्याकडं मी बघत नव्हतो. सोडलं तेव्हा हातात आलं. हे ती असताना कळायला हवं होतं, तिला सांगता आलं असतं. ती म्हणाली असती, "एवढ्या लांब जावं लागलं व्हय तुमाला हे कळायला?" त्या अनोळखी अक्काला, आणि तिला तिथं बसवून ठेवणाऱ्याला, माझं दंडवत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ केली आणि खूप महिन्यांनी पूजा नीट झाली. मग तुटका दोरा घेऊन गॅलरीत गेलो. तिथं सुजातानं मोठ्या कुंडीत कढीपत्ता लावलेला आहे. मी चमच्यानं माती उकरली आणि दोरा आत ठेवला. शिवा कारखान्याचे कपडे घालून निघाला होता, तो बूट न काढताच येऊन माझ्याशेजारी उकिडवा बसला. आई गेली तेव्हा त्याला विमान मिळालं नव्हतं. तो गावी पोचला तेव्हा शेतात नुसती ओली माती दिसत होती. सगळ्या गावानं तिला मूठमाती दिली होती आणि पोटच्या पोरानं नाही. हे तो कुणाजवळ बोलला नव्हता, पण मला माहीत होतं. मी बाजूला सरकलो. म्हटलं, "टाक." त्यानं कुंडीतली मूठभर माती उचलली, आणि त्याचा हात तसाच थांबून राहिला. "आई," म्हणाला तो, एवढंच. मी त्याच्या मनगटाखाली माझा हात धरला, मग त्यानं मूठ सोडली.